उरलमधील नऊ मृत्यू आणि कपड्यांची साक्ष

‘एकाचे कपडे दुसऱ्याच्या अंगावर सापडले, त्याअर्थी ती प्रेते मागाहून कोणीतरी रचून ठेवली,’ हे विधान द्यातलोव प्रकरणाची चर्चा निघाली की इतक्या आत्मविश्वासाने केले जाते, आणि ते करणाऱ्याने मूळ तपासाचे दफ्तर चाळल्याचे इतके क्वचित आढळते, की त्याचा समाचार एकदा सविस्तर घेणे प्राप्त आहे. १९५९ सालच्या १ फेब्रुवारीच्या रात्री उत्तर उरल पर्वतातील खोलात-स्याख्ल नामक डोंगराच्या उतारावर इगोर द्यातलोव या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या नेतृत्वाखालील नऊ जणांनी आपला तंबू आतून फाडला आणि शून्याखाली वीस-पंचवीस अंशांच्या थंडीत, बहुतेक बूट व जाड अंगरखे तंबूतच टाकून, ते सुमारे दीड किलोमीटर खालच्या रानाकडे चालत गेले. त्यांपैकी एकही परतला नाही.

अर्धवट पेहरावाचे गूढ येथपर्यंत तरी फारसे नाही. माणसे निजण्याच्या तयारीत होती. पायांत मोजे होते, अंगात लोकरीचे कपडे होते, आणि उतारावर उमटलेल्या पावलांत काही अनवाणी वा मोज्यातल्या पायांची होती. बाहेरच्या कोणा इसमाची पावले तपासात आढळली नाहीत. रुस्तेम स्लोबोदिन याच्या एकाच पायात नमद्याचा बूट होता. घाईत हाती लागले ते चढवून निघालेल्या माणसाची ही खूण आहे. प्रेतांना कपडे चढवीत बसणारा एकच बूट चढवून का थांबेल, याचा विचार कटवादी मंडळींनी एकदा तरी करावा.

खरा वाद आहे तो खालच्या रानातला. एका उंच पाइनच्या झाडाखाली, विझलेल्या शेकोटीजवळ, दोरोशेंको आणि क्रिवोनिश्चेंको या दोघांची प्रेते केवळ आतल्या कपड्यांत सापडली, आणि तेथून सत्तर-पाऊणशे मीटरांवरच्या घळीत, काही मीटर बर्फाखाली, शेवटची चार प्रेते ४ मे रोजी मिळाली. त्या चौघांतील ल्युदमिला दुबिनिना हिच्या अंगावर क्रिवोनिश्चेंकोची जळकी विजार होती आणि तिच्या डाव्या पायाला फाडलेल्या लोकरी वस्त्राचा तुकडा गुंडाळलेला होता. आता हे ध्यानात घ्यावे, की क्रिवोनिश्चेंकोच्या शवचिकित्सेत त्याच्या डाव्या नडगीवर भाजल्याची मोठी जखम नोंदलेली आहे. शेकोटीला अगदी चिकटून बसलेल्या, बधिर झालेल्या माणसाची विजार जळते, तिच्यासकट कातडी भाजते, तो मरतो, आणि मग जी अजून जिवंत आहे ती ती विजार आपल्या अंगावर चढवते: हा क्रम एवढा सरळ आहे की त्यात तिऱ्हाइताला शिरायला जागाच राहत नाही. कापलेल्या कपड्यांचे तुकडे घळीजवळही सापडले. घळीत फर वृक्षांचे चौदा शेंडे आणि भूर्जाचा एक शेंडा अंथरून बसायची जागा केलेली होती, आणि तिच्या चार कोपऱ्यांवर वस्त्रे ठेवलेली होती. चार माणसांच्या बैठकीसाठी चार आसने.

मयताच्या अंगावरचे वस्त्र आपण घरात ठेवीत नाही, ते अंगावर घालण्याची कल्पनाही आपल्याला शिसारी आणते, आणि मला वाटते रचनेच्या संशयाचे मूळ पुष्कळ अंशी या शिसारीतच आहे. परंतु जो थंडीने मरावयास टेकला आहे त्याला शुचितेचा विचार परवडत नाही, आणि सोबत्याचे कपडे सुरीने कापून काढणारे हात हे त्याच्या मित्रांचेच हात असू शकतात.

कटवाद्यांचा दुसरा आवडता पुरावा म्हणजे दोरोशेंकोच्या अंगावरील डाग. मृत्यूनंतर रक्त देहाच्या खालच्या भागी साकळते व तेथे निळसर डाग पडतात. दोरोशेंको पालथा सापडला आणि डाग मात्र पाठीकडे होते. प्रेत हलवले गेले, हे म्हणणे म्हणूनच खरे आहे. पण ज्याचे कपडे कापून काढावयाचे त्याला उलटेपालटे करावेच लागते, हे ज्यांना सुचत नाही ते थेट सरकारी हेरखात्यापर्यंत जाऊन पोचतात. उलट स्लोबोदिनच्या देहाखाली बर्फ वितळून पुन्हा गोठल्याचा थर आढळला, म्हणजे ऊब शिल्लक असलेला तो देह त्याच जागी निवला. त्याला तेथे कोणी आणून टाकलेले नाही.

येथे आपल्या बाजूच्या मंडळींचाही कान धरणे न्यायाचे होईल. ‘गारठ्याने मरणारा शेवटी स्वतःच कपडे काढतो’ हे उत्तर बुद्धिवादी लोक अशा प्रत्येक प्रकरणावर ठोकून देतात. ही घटना खरी आहे: त्वचेतील आकसलेल्या रक्तवाहिन्या अखेरीस शिथिल होतात, उष्ण रक्त कातडीकडे धावते, आणि मरणासन्न माणसाला आपण जळतो आहोत असे वाटते. वेडीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये स्वीडनच्या पोलिसी दप्तरांतून असे ३३ दाखले जमवून प्रसिद्ध केले, आणि रोथशिल्ड व श्नायडर या जर्मन वैद्यांनी १९९५ मध्ये तपासलेल्या गारठ्याच्या मृत्यूंपैकी सुमारे चौथ्या हिश्शात ती आढळली; असे नग्न प्रेत पाहून अत्याचाराचा किंवा लुटीचा संशय येतो हेही त्यांनी नोंदले. मात्र अशा प्रसंगी कपडे प्रेताच्या आसपास पडलेले असतात. सुरीने कापलेले नसतात आणि दुसऱ्याच्या अंगावर तर नसतातच. पाइनखालच्या दोघांना हा नियम लावणे म्हणजे वस्तुस्थितीला सिद्धांताच्या मापाने कापणे होय.

तंबू बाहेरून फाडला होता, असाही एक प्रवाद आहे. २६ फेब्रुवारीला तंबू सापडला तेव्हा शोधकांनी त्यावर बर्फ फोडायची कुऱ्हाड चालवली, म्हणून बाहेरचे घावही त्यावर आहेत. पण मूळ छेद आतून गेले आहेत ही शंका, सांगतात त्याप्रमाणे, सरकारी कचेरीत कामानिमित्त आलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईला प्रथम आली, आणि गेनरिएता चुर्किना या तज्ज्ञ बाईंनी त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कापडाच्या आतील अंगावर सुरी न घुसता नुसत्या ओढल्या गेल्याचे बारीक ओरखडे दाखवून ती पक्की केली.

उरलेल्या प्रवादांना एकेक ओळ पुरे. दुबिनिनाची जीभ कोणी कापली नाही. घळीतल्या वाहत्या पाण्यात कित्येक आठवडे पडलेल्या देहाचे मऊ भाग प्रथम नष्ट होतात. काही वस्त्रांवर किरणोत्सार आढळला हे खरे, पण क्रिवोनिश्चेंको हा मायाक येथील अणुकारखान्यात नोकरीस होता, जेथे २९ सप्टेंबर १९५७ रोजी मोठा स्फोट झाला होता. मान्सी आदिवासींनी मारले म्हणणाऱ्यांनी हल्लेखोरांची पावले दाखवावीत. हिमलोट शक्यच नव्हता म्हणणाऱ्यांनी गोम व पुझ्रिन यांचा २०२१ मधील निबंध वाचावा. त्यांनी उताराचा छेद, वाऱ्याने साचणारे बर्फ आणि काही तासांचा विलंब यांचा हिशेब मांडून तंबूवर बर्फाची लादी कोसळू शकते हे दाखविले आहे. तंबू सोडल्यानंतरच्या घडामोडींचा उलगडा करण्याचा दावा त्यांनी केलेला नाही, आणि तो करण्याची त्यांना गरजही नव्हती. त्या घडामोडी कपड्यांच्या पंचनाम्यात नोंदलेल्या आहेत, व ते दफ्तर आज ज्याला वाचावयाचे त्याला उपलब्ध आहे.