चकतीचा ब्रेक आणि सायकलीचा चिमटा

वाघोलीहून नगर रस्त्याने कामावर जाणाऱ्या सायकलस्वाराला पावसाळ्याचे चार महिने ब्रेक असून नसल्यासारखा. जुन्या दांडीच्या ब्रेकचे रबर ओल्या, चकचकीत लोखंडी रिमवर नुसते घसरते. त्यात खाणीच्या दगडाची पूड रिमला चिकटलेली आणि बाजूने भरलेला डंपर चाललेला. २०२१ साली वाघोली पुणे महानगरपालिकेत आली, पण सायकलवाल्याची ही भीती काही कमी झाली नाही. तेव्हा आमच्यातला एखादा कामगार जुन्या बाजारातून सुटे भाग आणून घरीच सायकल जुळवतो आणि तिला मोटारसायकलीसारखा चकतीचा ब्रेक लावू म्हणतो, त्यात हौस थोडी व गरज पुष्कळ असते.

ही कल्पना नवी नव्हे. लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ साली तिचे पेटंट घेतले होते. चकती हबला जोडलेली, म्हणून चिखलपाण्यापासून वर राहते. पॅड कठीण असतात, पाणी चटकन पुसून टाकतात. रिमला थोडा आऊट आला तरी बिघडत नाही. गुण हे एवढे. आता त्यांची किंमत पाहू.

साध्या सायकलीच्या चाकाची त्रिज्या सुमारे ३५ सेंटिमीटर असते. १६० मिलिमीटर व्यासाच्या चकतीला पॅड धरतात ते आसापासून सात-साडेसात सेंटिमीटरवर. तरफेचा हिशेब आपण सर्वजण जाणतो: रस्त्याशी जेवढी ओढ, तिच्या जवळजवळ पाचपट ओढ पॅडपाशी. ती जाते कुठे? चिमट्याच्या डाव्या पायाच्या टोकाशी. जुना चिमटा नेमका तेथेच बारीक असतो, कारण त्याच्या ब्रेकचा जोर वर, मानेजवळ पडत असे.

दुसरी गोष्ट याहून घातक. कॅलिपर पायाच्या मागे असतो. चाक पुढे जाताना चकतीची मागची बाजू वर येत असते. पॅड तिला अडवतात, म्हणजे चाकाला खाली ढकलतात. आणि आस बसण्याची खाच उघडी असते ती खालीच! नट ढिले असले तर चाक खाचेतून निसटू पाहते.

आमच्या एका तरुण सभासदाने जुन्या चिमट्याला पट्टी वेल्डिंग करून कॅलिपर बसवला. केसनंद फाट्याजवळ रिक्षा आडवी आली, त्याने मूठ दाबली आणि डावा पाय वेल्डिंगच्या वरच वाकला. मनगट मोडले, दीड महिन्याची हजेरी बुडाली. ब्रेक निकामी निघाला, असे जो तो म्हणू लागला. ब्रेक निकामी नव्हता. तो फार चांगला लागला होता.

म्हणून खर्च प्रथम चिमट्यावर करावा. कॅलिपरची बैठक कारखान्यातच घडवलेला चिमटा घ्यावा. आरपार आसाचा मिळाला तर उत्तमच. हब सहा बोल्टांच्या चकतीचा हवा, आणि आरे एकमेकांना ओलांडून विणलेले हवेत. हबपासून रिमकडे सरळ गेलेले आरे हा पीळ पेलत नाहीत.

जोडणी त्यामानाने सोपी. चकतीवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेने ठेवावा. सहाही बोल्ट समोरासमोरचे धरून थोडेथोडे आवळावेत. हाताला ग्रीस असेल तर चकतीला बोट लावू नये. तेल लागलेले पॅड पुढे किंचाळतात व धरत नाहीत. वायरच्या ब्रेकला मूठ त्याच जातीची घ्यावी. जास्त वायर ओढणारी आणि कमी ओढणारी अशा दोन जाती आहेत. त्यांची अदलाबदल झाली तर मूठ दांड्याला टेकते तरी, नाहीतर लाकडासारखी कडक होते.

कॅलिपरचे दोन बोल्ट ढिले करावेत, मूठ घट्ट दाबून धरावी, म्हणजे कॅलिपर आपोआप चकतीशी सरळ होतो. तसेच धरून बोल्ट आळीपाळीने आवळावेत. स्वस्त कॅलिपरमध्ये एकच पॅड हलतो, दुसरा स्थिर असतो. त्या स्थिर पॅडचा स्क्रू फिरवून तो चकतीला जेमतेम न घासेल इतका जवळ आणावा. चाक फिरवून कान लावावा.

नवे पॅड पहिल्याच दिवशी पूर्ण धरत नाहीत. रिकाम्या रस्त्यावर वीसएक वेळा वेग घ्यावा आणि दर वेळी न थांबता सावकाश कमी करावा. पुढे मात्र वाघोलीची दगडपूड आपले काम करतच राहते: नवी चकती बहुधा १.८ मिलिमीटर जाडीची असते, ती १.५ वर आली की बदलावी.