अंथरुणावरील रुग्णाची सडलेली जखम : शस्त्रक्रिया कशासाठी?



शेतकी खात्याच्या माणसाने हा विषय कशाला काढावा, असे काहींना वाटेल. पण ऊस नोंदीसाठी वस्त्यांवर फिरताना लकवा झालेली, खुबा मोडलेली, कण्याला मार बसलेली माणसे सोप्यात खाटेवर पडलेली दिसतात. त्यांतल्या काहींच्या पाठीला जखमा झालेल्या असतात. डॉक्टर यालाच बेडसोअर म्हणतात. "एकदा कापाकापी केली की माणूस हाती लागत नाही," या भीतीने घरचे दिवस काढत राहतात आणि तेवढ्यात जखम आतून पोखरते.

एकाच कुशीवर पडून राहिले की हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दाबले जाते, रक्त पोचत नाही आणि मांस मरते. माकडहाड, खुबा, बैठकीचे हाड आणि टाच या मुख्य जागा. फसगत अशी होते की वर तोंड रुपयाएवढे दिसते आणि आत वाटीएवढी पोकळी असते.

काळे-पिवळे बुळबुळीत मांस, घाण वास, पू, भोवती पसरणारी लाली, ताप, ग्लानी यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी सर्जनकडे न्यावे. विष रक्तात भिनले तर माणूस दगावतो. नुसत्या इंजेक्शनने भागत नाही, कारण औषध रक्तातून जाते आणि मेलेल्या मांसात रक्तच नसते. कुजलेले कांडे बेणेप्रक्रियेच्या द्रावणात कितीही बुडवा, डोळा फुटायचा नाही. म्हणून सर्जन रक्त असलेले जिवंत मांस लागेपर्यंत मेलेले कापून काढतो, पूचे कप्पे मोकळे करतो. हाड सडले असेल तर तेही काढून तुकडा तपासणीला पाठवतो. मग औषध पुष्कळदा सहा आठवडे चालते. एका वेळेत काम होईलच असे नाही. टाचेवरची कोरडी, घट्ट काळी खपली मात्र लाली-पू नसेल तर बहुधा तशीच ठेवतात.

नंतरचा खड्डा पाहून घरचे हबकतात. तो डॉक्टरने पाडलेला नसतो, आधीच होता. घाण आत कोंडू नये म्हणून लगेच टाके घालत नाहीत. जखम स्वच्छ लाल झाली की शेजारचे मांस-कातडे रक्तवाहिनीसकट सरकवून खड्डा भरतात. ही दुसरी शस्त्रक्रिया सर्वांना झेपत नाही. फार थकलेल्या माणसाची जखम नुसती स्वच्छ ठेवणे हेही उपचारच आहेत.

भरलेल्या जागेवर काही आठवडे निजवायचे नाही. १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी कणा मोडलेल्या सैनिकांना दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलायला लावली. ते काम आपल्याकडे घरच्यांचेच. लाल जागा चोळू नका, गोल रिंग ठेवू नका. अंडी, डाळ, दूध भरपूर द्या. साखर कारखान्याच्या अंकात लिहितोय खरा, पण मधुमेह असेल तर साखर आवरा.

भरती करण्याआधी हा उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. शिधापत्रिका बरोबर न्या.

— ऊस विकास अधिकारी