मूर्ती लहान, बार महान!

शर्टाखाली लपेल, तळहातावर मावेल आणि ऐन वेळी फुसका बार निघणार नाही, असं पिस्तूल कुठलं? आपल्याकडे गाडी घेताना मायलेज विचारतात ना, तितक्याच सहज अमेरिकेत दुकानाच्या काउंटरवर हा प्रश्न विचारला जातो. तिथल्या अर्ध्याहून अधिक राज्यांत पात्र, सज्ञान नागरिकाला अंगावर लपवून पिस्तूल बाळगायला आता वेगळं परमिट लागत नाही. या खिशातल्या पाहुण्याची कुंडली एकदम भन्नाट आहे. चला तर, धडाधड सुरू करू!

एका 'आर'ची गोष्ट

चिमुकल्या पिस्तुलाला 'डेरिंजर' का म्हणतात, माहीत आहे का? हेन्री डेरिंजर हे फिलाडेल्फियाचे बंदूक कारागीर. त्यांच्या इंग्रजी आडनावात मधला 'आर' एकच! नक्कल करणाऱ्यांनी दुसरा 'आर' घुसवला, आणि नेमकं तेच चुकीचं स्पेलिंग सगळ्या छोट्या पिस्तुलांना चिकटलं. अस्सल मागे राहिलं, डुप्लिकेट थेट शब्दकोशात!

मुठीतला इतिहास

१४ एप्रिल १८६५, वॉशिंग्टनचं फोर्ड्स थिएटर. अब्राहम लिंकन नाटक पाहत होते आणि मागे उभ्या जॉन विल्क्स बूथच्या हातात होतं डेरिंजर. नळी एक, गोळी एक, लांबी सहा इंचांच्या आत. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंकन गेले. ते पिस्तूल आज त्याच थिएटरच्या संग्रहालयात काचेआड ठेवलं आहे. एवढंसं, मुठीत झाकेल इतकं!

पेटीला दोन तळ

आता थेट आपल्या नाशिकला! २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, 'संगीत शारदा'चा प्रयोग. तिथे अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलं ते ब्राउनिंग पिस्तूल. लंडनहून सावरकरांनी अशी वीस ब्राउनिंग पिस्तुलं धाडली होती, तीही चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर, पेटीच्या चोरतळात लपवून! कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचेही नव्हते. एप्रिल १९१० मध्ये ठाण्याच्या तुरुंगात ते फासावर गेले.

पेटंटचा पाऊस

हे 'ब्राउनिंग' कोण, माहीत आहे का? अमेरिकेतल्या युटाचे जॉन मोझेस ब्राउनिंग. नावावर तब्बल १२८ पेटंट! सरकत्या स्लाइडचं खिशातलं पिस्तूल बाजारात आणलं ते यांच्याच डिझाइनने. १९२६ मध्ये त्यांनी शेवटचा श्वास घेतला तोही बेल्जियममधल्या लिएजच्या बंदूक कारखान्यात, कामावर असतानाच. याला म्हणतात कामाशी लग्न!

घोडा कुठे गेला?

त्यांच्याच १९०३ च्या कोल्ट पिस्तुलाचं नाव 'पॉकेट हॅमरलेस', म्हणजे बिनघोड्याचं. पण घोडा आहे बरं का! स्लाइडच्या आत दडलाय, एवढंच. खिशातून काढताना कापडात अडकू नये म्हणून ही युक्ती. चंद्रशेखर आझादांचं कोल्ट याच जातकुळीचं. ते प्रयागराजच्या संग्रहालयात पाहायला मिळतं.

पक्षी छोटा, गोळी त्याहून छोटी

'कोलिब्री' म्हणजे हमिंगबर्ड. ऑस्ट्रियाच्या एका घड्याळजीने या नावाचं २.७ मिलिमीटरचं पिस्तूल बनवलं. गोळीचं वजन किती? ०.२ ग्रॅम! नळी इतकी बारीक की गोळीला फिरकी देणारे आटे आत पाडताच आले नाहीत. मग गोळी सरळ जाणार कशी? नेमबाजीचा नेमच चुकला!

कीचेनच्या मापाचं

रेकॉर्डवाल्यांनो, इकडे लक्ष द्या! 'स्विस मिनी गन' हे जगातलं सगळ्यात छोटं चालू रिव्हॉल्व्हर. लांबी ५.५ सेंटिमीटर, वजन १९.८ ग्रॅम. दहा रुपयांची तीन नाणी हातात घ्या, ती जास्त जड भरतील!

बॉन्डची खरडपट्टी

जेम्स बॉन्डचं पिस्तूल एका वाचकाने बदलून घेतलं, माहीत आहे का? १९५६ मध्ये जेफ्री बूथरॉइड या ग्लासगोच्या शस्त्रतज्ज्ञाने लेखक इयान फ्लेमिंग यांना कळवलं की बॉन्डचं पाव इंची बेरेटा म्हणजे बायकांच्या पर्समधलं पिस्तूल! फ्लेमिंग यांनी मनावर घेतलं. 'डॉक्टर नो'मध्ये बॉन्डच्या हाती वॉल्थर पीपीके आलं. ते त्याला सोपवणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव? मेजर बूथरॉइड!

पीपीके नापास!

बॉन्डला चाललं, अमेरिकेच्या कस्टम्सला नाही. १९६८ च्या कायद्यानंतर आयात पिस्तुलाची उंची किमान चार इंच हवी, असा दंडक आला. पीपीके भरलं काही मिलिमीटर कमी. कंपनीने काय केलं? थोरल्या पीपी मॉडेलचा सांगाडा घेतला, त्यावर पीपीकेची नळी आणि स्लाइड चढवली. झालं पीपीके-एस! उंची वाढली आणि मॅगझिनमध्ये एक काडतूस जास्त मावलं.

बारसं मतदानाने

१९५० मध्ये स्मिथ अँड वेसनने पाच गोळ्यांचं बुटकं रिव्हॉल्व्हर आणलं. नाव काय ठेवायचं? कोलोरॅडो स्प्रिंग्जला पोलीस प्रमुखांची परिषद भरली होती. तिथे चक्क मतदान झालं आणि नाव पडलं 'चीफ्स स्पेशल'. साहेबांचं स्पेशल, साहेबांच्याच पसंतीचं!

अडतीस नव्हे हो अडतीस!

'थर्टी एट स्पेशल'ची गोळी ०.३८ इंचांची असते ना? नाही! ती भरते ०.३५७ इंच. जुन्या काळी नाव पडलं ते काडतुसाच्या पुंगळीच्या मापावरून, आणि ते तसंच चालत राहिलं. 'थ्री एटी' आणि 'नाइन एमएम' या काडतुसांच्या गोळीची जाडी मात्र जवळपास सारखी. फरक पुंगळीच्या लांबीत, १७ आणि १९ मिलिमीटर. दोन मिलिमीटरांनी दणक्यात जमीन-अस्मानाचं अंतर!

एकीला मिळालं, एकाला नाही

माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी १९५७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात पिस्तुलाचं लायसन्स घेतलं होतं. त्याच्या आदल्याच वर्षी मॉन्टगोमेरीत घरावर बॉम्ब पडल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी असाच अर्ज केला. तो फेटाळला गेला. पुढे १९६४ मध्ये त्यांच्या हाती शांततेचं नोबेल आलं.

हलकं म्हणजे सोपं?

रुगर एलसीपी, २००८ चं मॉडेल. रिकामं वजन सुमारे २६६ ग्रॅम, दोन क्रिकेट बॉलपेक्षाही कमी. मग हेच घ्यावं ना? थांबा! न्यूटनला विसरू नका. पिस्तूल जितकं हलकं, तितका हाताला झटका जास्त. मूठ इतकी आखूड की करंगळीला जागाच नाही. मनगट ढिलं पडलं की स्लाइड पुरती मागे जात नाही आणि काडतूस अडकतं. म्हणून जाणकार सांगतात, रोज जी काडतुसं भरणार तीच दोनशेएक आधी रेंजवर झाडा. एकदाही अडकलं नाही, तरच भरवसा.

रिव्हॉल्व्हरचं गणित वेगळं. काडतूस फुसकं निघालं? पुन्हा चाप ओढा, चक्र फिरतं, पुढचं काडतूस हजर! म्हणून पाच गोळ्यांचं जुनं रिव्हॉल्व्हर आजही टेचात टिकून आहे.

३६५ दिवसांचा सोबती

२०१८ मध्ये सिग सॉअरने पी-३६५ आणलं. नाव का हे? वर्षाचे ३६५ दिवस जवळ बाळगा म्हणून! जाडी एक इंच, वजन अर्धा किलो आणि मॅगझिनमध्ये दहा काडतुसं. २०१५ च्या ग्लॉक ४३ मध्ये मावत होती सहा. सगळ्या कंपन्यांची धावपळ उडाली!

आपल्याकडे काय?

२०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यातून 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर आलं. बत्तीस बोअर, टायटॅनियम मिश्रधातू, वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. नाव दिल्लीच्या 'निर्भया'च्या आठवणीत. नाइन एमएम मात्र आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळत नाही. आणि हे माहीत आहे का? शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. पूर्वी तीन चालायची.

बॅगेत काय विसरलात?

कुणी छत्री विसरतं, कुणी चष्मा. अमेरिकेतल्या विमानतळांवर २०२३ मध्ये तपासणीत सापडली ६,७३७ बंदुका-पिस्तुलं! त्यांतली ९३ टक्के भरलेली. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही ही. आपल्या बॅगेत काय आहे हेच ज्याला आठवत नाही, त्याच्यासाठी कुठलंच पिस्तूल भरवशाचं नाही.

ट्रॅक पँट आणि दोन वर्षं

नोव्हेंबर २००८, न्यूयॉर्कचा नाइटक्लब. अमेरिकन फुटबॉलचे स्टार प्लॅक्सिको बरेस यांनी ग्लॉक ट्रॅक पँटच्या कमरेत नुसतंच खोचलं होतं, होल्स्टर नाही. पिस्तूल घसरू लागलं, पकडायला गेले आणि धाड! गोळी स्वतःच्याच मांडीत. वर दोन वर्षांची कैद. साधं होल्स्टर असतं तर चाप झाकलेला राहिला असता!

म्हणून खिशात पिस्तूल असेल तर त्या खिशात दुसरं काहीही नको. किल्ली नको, सुटे पैसे नकोत. चाप झाकणारं होल्स्टर हवंच. घरी आल्यावर कुलूप, आणि किल्ली पोरांच्या हाताला लागणार नाही अशी.

आणि जाता जाता शेवटचं. जगातला सगळ्यात भरवशाचा सेफ्टी कॅच कुठला, माहीत आहे का? चापाच्या बाहेर सरळ ठेवलेली तर्जनी. किंमत शून्य, लायसन्स नको आणि ही कधी जॅम होत नाही!