परदेशातील एका महिन्याची पूर्वतयारी

विकसनशील देशांच्या आर्थिक उन्नतीस हातभार लावण्यासाठी मोठ्या कंपन्या आपली अनुभवी माणसे काही काळ तिकडे धाडतात. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी १९६१ साली स्थापिलेल्या ‘पीस कोअर’चा स्वयंसेवक साधारणतः दोन वर्षे परमुलखात राहतो. कंपनीच्या नोकराला इतकी सवड नसते. आयबीएम या संगणक-कंपनीने २००८ साली घाना, टांझानिया, व्हिएतनाम, फिलिपिन्स, रुमानिया व तुर्कस्तान या देशांत पहिली पथके पाठविली, तेव्हा मुक्काम होता एका महिन्याचा आणि त्यापूर्वीची तयारी होती तीन महिन्यांची. या प्रमाणातच साऱ्या योजनेचे मर्म आहे.

एका महिन्यात कामाचे दिवस वीस-बावीसच भरतात. पहिला आठवडा परिस्थिती समजून घेण्यात आणि शेवटचा अहवाल लिहिण्यात गेला, तर प्रत्यक्ष कामास उरतो पंधरवडा. म्हणून जे घरबसल्या शिकता येईल ते निघण्यापूर्वीच शिकलेले बरे.

प्रथम कामाची व्याख्या करावी. ‘व्यापार वाढवून द्यावा’ ही इच्छा झाली. ते महिन्याभराचे काम नव्हे. ‘मालाच्या आवक-जावकेची नोंदपद्धती बसवावी आणि ती दोघा स्थानिक कारकुनांस शिकवावी’ हे मात्र काम होय. ते यजमान संस्थेशी पत्रव्यवहार करून लेखी ठरवावे. तिची गरज तिच्याच तोंडून ऐकावी. आपल्याला जे येते तेच तिला हवे असेल, असे गृहीत धरू नये.

दुसरी गोष्ट लोकरीतीची. टांझानियात स्वाहिली भाषेत तास सूर्योदयापासून मोजतात. तेथील ‘सा म्बिली’, म्हणजे शब्दशः ‘दोन वाजता’, ही वेळ आपल्या घड्याळात सकाळी आठची असते. हे ठाऊक नसलेला पाहुणा सकाळच्या बैठकीस दुपारी पोहोचेल. घानात डाव्या हाताने वस्तू देणे असभ्य मानतात. आपल्याकडील माणसास हे समजावून सांगावे लागत नाही.

तिसरी गोष्ट प्रकृतीची. घानात प्रवेशासाठी पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो आणि तो लस टोचल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य ठरतो. दाखल्यावाचून तेथून भारतात परतणाऱ्यास सहा दिवसांपर्यंत विलगवासात राहावे लागू शकते. हिवतापावरील प्रतिबंधक औषधाविषयीही वैद्याचा सल्ला आधीच घ्यावा.

स्वयंसेवकाचा पगार त्याची कंपनी देते, म्हणून त्याची सेवा यजमानास फुकट पडते असे वाटते. ते खरे नाही. चार-पाच माणसांच्या लहानशा कचेरीतील एक माणूस महिनाभर पाहुण्यास माहिती पुरवीत बसला, तर ती किंमत त्या कचेरीनेच मोजलेली असते. अपुऱ्या तयारीने गेलेला पाहुणा तिचा महिना वाया घालवितो आणि पुढच्या पाहुण्यावरील विश्वासही उडवितो. उलट, तो परतल्यानंतरही त्याने बसविलेली वही तेथील कारकून रोज उघडत असेल, तर त्याचे जाणे सार्थकी लागले असे समजावे.