ताकदीची गोळी आणि डबीची मागची बाजू

"अंगात त्राण नाही हो, एखादी चांगली ताकदीची गोळी द्या." मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. दुकानदारही तत्परतेने एखादी रंगीत स्ट्रिप पुढे करतो. पण व्हिटॅमिनच्या गोळीत ताकद नसते. ताकद म्हणजे कॅलरी, आणि त्या भाकरी, भात, डाळ, तेल यांतून मिळतात. जीवनसत्त्वं त्या अन्नाची ऊर्जा बनवण्याच्या कामात मदतनीस असतात. मदतनीस कमी पडले तर काम अडतं. ते पुरेसे असतील तर आणखी भरती करून काम वाढत नाही.

हाच गैरसमज सलाईनच्या बाटलीतही लटकतो. गावोगावी अशक्तपणावर पिवळं सलाईन लावून घेणारे लोक आहेत. तो पिवळा रंग बी-कॉम्प्लेक्सच्या इंजेक्शनचा, म्हणजे मुख्यतः त्यातल्या रायबोफ्लेविनचा. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत साखर असते 25 ग्रॅम, म्हणजे शंभराच्या आत कॅलरी. एका ज्वारीच्या भाकरीत त्याहून जास्त असतात, शिवाय सुई टोचून घ्यावी लागत नाही.

मग जीवनसत्त्वाची गोळी कुचकामी असते का? मुळीच नाही. याचा भक्कम पुरावा मुंबईतच मिळाला होता. ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर 1928 च्या सुमारास भारतात आली. मुंबईतल्या गिरणी कामगार वस्तीत गरोदर बायकांना जीवघेणा पंडुरोग (ॲनिमिया) होत होता आणि त्याचं कारण तिला शोधायचं होतं. हाफकिन संस्थेत काम करताना तिला दिसलं की मार्माइट नावाच्या, यीस्टपासून बनवलेल्या स्वस्त अर्काने या बायका बऱ्या होतात. हे निष्कर्ष 1931 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. त्या बायकांच्या आहारात नेमकं तेच कमी होतं, म्हणून गुण आला. जीवनसत्त्वाची गोळी निवडताना पहिला प्रश्न "कोणती कंपनी?" हा नाहीच. माझ्यात काय कमी आहे आणि ते कशावरून, हा आहे.

"एका गोळीत सगळं येतं, म्हणजे बी-12, लोह, कॅल्शियमची काळजी मिटली"

पाकिटावरच्या जाहिरातीमुळे सर्वांत घट्ट बसलेला समज हा आहे. आधी कॅल्शियम घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये सुचवल्याप्रमाणे प्रौढांना दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. गोळ्यांत ते बहुधा कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात असतं आणि त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम 40 टक्केच. म्हणजे दिवसाची गरज एकाच गोळीत भरायची तर नुसतं कार्बोनेटच अडीच ग्रॅम झालं. एवढी गोळी माणसाला सहज गिळता येणार नाही. त्यामुळे मल्टीव्हिटॅमिनमध्ये कॅल्शियम नावापुरतं असतं. लोहाचंही तसंच. फेरस फ्युमरेटच्या आकड्याचा साधारण तिसरा हिस्साच खरं लोह. भारतीय स्त्रीची दिवसाची गरज 29 मिलिग्रॅम धरली आहे आणि ॲनिमिया झाला असेल तर उपचाराची मात्रा त्याहून कितीतरी जास्त. लेबलवर 'एलिमेंटल' असा शब्द शोधा, खरा आकडा त्याच्यापुढे असतो.

बी-12 ची गोष्ट तर आपल्या घरातलीच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तिन्ही ठिकाणचे 441 मध्यमवयीन पुरुष तपासले. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 67 टक्के जणांमध्ये बी-12 कमी निघालं. खाऊन-पिऊन सुखी असलेल्या शहरी मध्यमवर्गातही परिस्थिती बरी नव्हती. हे जीवनसत्त्व बनवतात जिवाणू, आणि आपल्याला ते मिळतं प्राण्यांकडून आलेल्या अन्नातून: मांस, मासे, अंडी, दूध, दही. पालेभाज्या आणि कडधान्यं कितीही खाल्ली तरी ही उणीव भरत नाही. स्पिरुलिनाची जाहिरात होते, पण त्यातला बी-12 सारखा दिसणारा पदार्थ बव्हंशी माणसाच्या उपयोगाचा नसतो.

ज्याची पातळी ठीक आहे अशा शाकाहाऱ्याने रोजच्या गरजेइतकं बी-12 असलेली मल्टीव्हिटॅमिन घेतली तर ते शहाणपणाचंच आहे. पण रक्तात ते खूप खाली गेलं असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर एक-दोन मायक्रोग्रॅमने काय होणार? तिथे शेकडो मायक्रोग्रॅमच्या वेगळ्या गोळ्या किंवा इंजेक्शनं लागतात. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी आणि रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांनी बी-12 तपासून घ्यावं, कारण दोन्ही औषधांमुळे त्याचं शोषण घटतं. आणि नुसतं फॉलिक ॲसिड भरपूर घेत राहिलं तर रक्ताचं चित्र सुधारतं, पण बी-12 अभावी नसांचं नुकसान आत चालूच राहू शकतं. याज्ञिकांच्याच चमूने 2008 मध्ये दाखवलं की गरोदरपणी ज्या मातांचं फोलेट वर आणि बी-12 खाली होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक होता. म्हणून गरोदरपणाची गोळी बघताना फॉलिक ॲसिडच्या शेजारी बी-12 आहे का, हेही बघावं.

"जितके आकडे मोठे, तितकी गोळी भारी"

बी गटातली आणि सी ही जास्तीची जीवनसत्त्वं बहुतेक लघवीवाटे निघून जातात. गोळी घेतल्यावर लघवी गर्द पिवळी होते ती यामुळेच. तेव्हा पुष्कळदा फुकट जातात ते पैसे. पण ए, डी, ई आणि के चरबीत विरघळतात आणि साठतात. गरोदरपणात रेटिनॉल रूपातलं ए जास्त झालं तर बाळात व्यंग येऊ शकतं. डी ची 60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, तीही ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती कुणी रोज घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम चढून मूत्रपिंडांना इजा होते. बी गट तरी निर्धोक? बी-6 दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतलं तर हातापायांच्या नसाच बिघडतात. म्हणजे मुंग्यांवर घेतलेल्या गोळीने मुंग्या!

सिगारेट किंवा बिडी ओढणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवलीच पाहिजे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. बीटा-कॅरोटीनने फुप्फुसाचा कर्करोग टळेल अशी आशा होती. 1994 मध्ये निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत तो कर्करोग 18 टक्के जास्त निघाला. व्हिटॅमिन ई चंही असंच झालं. रोज 400 युनिट घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्के जास्त आढळल्याचं 2011 मध्ये जाहीर झालं. 'अँटिऑक्सिडंट' या शब्दाला भुलून पैसे मोजणाऱ्यांनी हे दोन आकडे खिशात ठेवावेत.

तर डबी उलटी करा. मागच्या तक्त्यात 'टक्के आरडीए', म्हणजे दिवसाच्या शिफारस केलेल्या गरजेचे किती टक्के, असा रकाना असतो. बहुतेक घटकांसमोर 100 च्या आसपास आकडे असलेली साधी, कंटाळवाणी गोळी ही चांगली गोळी. एखाद्या घटकासमोर 1000 टक्के आणि दुसऱ्यासमोर 5 टक्के असतील, किंवा जिनसेंगपासून ग्रीन टीपर्यंत वीस अर्क नुसते 'ब्लेंड' म्हणून कोंबलेले असतील, तर ती खाली ठेवा. आरडीएचा रकानाच नसेल तर बोलणंच खुंटलं.

त्याच मागच्या बाजूला आणखी एक खूण सापडते. काही गोळ्या औषध म्हणून बनतात. त्यांच्यावर औषधनिर्मितीचा परवाना क्रमांक असतो. काही 'हेल्थ सप्लिमेंट' म्हणजे अन्नाच्या वर्गात येतात. त्यांच्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी क्रमांक असतो आणि औषध म्हणून वापरासाठी नाही, अशा अर्थाची इंग्रजी सूचनाही. ही सूचना बारीक अक्षरात आणि पुढच्या बाजूला 'सांधेदुखी पळवा' ठळक अक्षरात, असं दिसलं तर दुकानदाराला नमस्कार करून निघावं.

"अमेरिकेची डबी, नैसर्गिक घटक, म्हणजे विषयच संपला"

मुलगा-सून न्यू जर्सीहून येताना तीनशे गोळ्यांची डबी आणतात आणि ती शेजाऱ्यापाजाऱ्यांतही वाटली जाते. पण अमेरिकेत सप्लिमेंट बाजारात आणण्याआधी तिथल्या एफडीएची, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाची, मंजुरी लागत नाही. डबीवर 'यूएसपी व्हेरिफाइड' शिक्का असेल तर लिहिलंय तेच आत आहे, याची तपासणी झालेली असते. तो शिक्का कंपन्या स्वेच्छेने घेतात. शिवाय तिथल्या 'सीनियर' डब्यांत बहुधा लोह नसतं. ती डबी ॲनिमिया असलेल्या सुनेला देऊन काय उपयोग? उलट लोह असलेली डबी घरात असेल तर लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. लोहाचा अतिडोस लहानग्यांच्या जिवावर बेततो. चॉकलेटसारख्या लागणाऱ्या गमीज तर कुलपातच हव्यात.

'नैसर्गिक' या शिक्क्याला मी फारशी किंमत देत नाही. आवळ्यातलं व्हिटॅमिन सी आणि कारखान्यातलं सी, रेणू एकच. फॉलिक ॲसिड तर कृत्रिम असूनही भाजीतल्या फोलेटपेक्षा चांगलं शोषलं जातं. व्हिटॅमिन ई मात्र नैसर्गिक रूपात अधिक गुणकारी ठरतं, हा अपवाद.

कट्टर शाकाहाऱ्यांना वेगळी अडचण असते. मऊ कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेलं. डी-3 पुष्कळदा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. सप्लिमेंटच्या पाकिटावर हिरवा ठिपका बघता येतो. औषधाच्या स्ट्रिपवर तो शोधून उपयोग नाही, तिथे घटकांची यादी वाचावी लागते.

"रोज घेतली की आयुष्य वाढतं"

अमेरिकेतल्या 14,641 पुरुष डॉक्टरांनी दहा वर्षांहून अधिक काळ रोज मल्टीव्हिटॅमिन किंवा नकली गोळी घेतली. 2012 मध्ये निकाल आले: हृदयविकारात फरक नाही, कर्करोगात आठ टक्क्यांची माफक घट. पुढे 2024 मध्ये तिथल्याच 3,90,124 निरोगी प्रौढांच्या वीसेक वर्षांच्या नोंदी तपासल्या, तर रोज गोळी घेणारे जास्त जगले असं काही दिसलं नाही.

"व्हिटॅमिनच ते, कशाहीबरोबर चालतं"

थायरॉइडची गोळी आणि लोह किंवा कॅल्शियम असलेली गोळी यांत चार तासांचं अंतर हवं. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर व्हिटॅमिन के बद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नये. केसांसाठीच्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या झटक्यात बघतात त्या ट्रोपोनिनचेही रिपोर्ट चुकू शकतात. रक्त द्यायला जाताना लॅबमध्ये तसं सांगा. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम.

थकवा दोन-तीन आठवडे हटत नसेल तर गोळी बदलत बसू नका. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि बी-12 तपासून घ्या, आणि जे कमी निघेल त्याची नेमकी मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या. गरोदर बायकांसाठी लोह आणि फॉलिक ॲसिडच्या लाल गोळ्या, किशोरवयीन मुलामुलींसाठी आठवड्याच्या निळ्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रांत आणि शाळांत मोफत मिळतात. त्यांना जाहिरात नाही, चकचकीत डबीही नाही, पण ज्यांना लोह कमी आहे त्यांच्यासाठी त्या महागड्या मल्टीव्हिटॅमिनपेक्षा सरस आहेत.