उथळ माळजमिनीखालील कठीण थर : पिंपळगाव राजा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्याचा दक्षिण भाग अजिंठ्याच्या डोंगररांगांनी व्यापलेला असून उत्तरेस पूर्णा नदीचे गाळाचे मैदान पसरलेले आहे. खामगाव तालुका या दोहोंच्या सांध्यावर असल्याने तेथे डोंगरउताराची मुरमाड जमीन आणि मैदानातील खोल काळी जमीन अशी दोन्ही टोके आढळतात. याच तालुक्यातील पिंपळगाव राजा परिसरातील माळजमिनींचा विचार या दोन टोकांच्या संदर्भातच करावा लागतो. वऱ्हाडात गावच्या गुरांसाठी राखून ठेवलेल्या सरकारी जमिनीस 'ई-क्लास' म्हणण्याचा प्रघात आहे. नांगरटीस योग्य अशी जमीन पूर्वीच वहितीखाली गेल्यामुळे ही चराऊ जमीन बहुधा बरड, उथळ भागातच शिल्लक राहिलेली दिसते.

अशा जमिनीत खड्डा घेणारा माणूस वीतभर खोदून थांबतो आणि 'खाली कडक लागते' असे सांगतो. वृक्षलागवड असो वा चर खोदणे असो, पुढील सर्व कामाचे यशापयश या तीन शब्दांच्या नेमक्या अर्थावर अवलंबून असते. तो अर्थ सर्वत्र एकच नसतो, याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही.

खोली आणि पाण्याचा हिशेब

नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेच्या वर्गीकरणात १० ते २५ सें.मी. खोलीची जमीन अत्यंत उथळ आणि २५ ते ५० सें.मी. खोलीची जमीन उथळ समजली जाते. खोलीचे महत्त्व साध्या गणिताने स्पष्ट होईल. २० सें.मी. खोलीच्या जमिनीत वनस्पतीस उपलब्ध होणारे पाणी आकारमानाच्या १५ टक्के धरले, तर एकूण साठा अवघा ३० मि.मी. होतो. दररोज ५ मि.मी. बाष्पोत्सर्जन गृहीत धरल्यास हा साठा सहा दिवसांत संपतो. याउलट एक मीटर खोलीच्या काळ्या जमिनीत २० टक्क्यांप्रमाणे २०० मि.मी. पाणी साठते व ते चाळीस दिवस पुरते. जुलै-ऑगस्टमध्ये पंधरा-वीस दिवसांची उघडीप पडणे या भागाला नवीन नाही. माळ करपतो तो यामुळे. एरवी त्या मातीचा कस फार वाईट असतोच असे नाही.

हिशेबाची दुसरी बाजूही आहे. तीच २० सें.मी. माती आधीच्या पावसाने भिजलेली असेल आणि खालचा थर पाणी जाऊ देत नसेल, तर आणखी सुमारे ३० मि.मी. पाण्यातच तिची सर्व छिद्रे भरून जातात. त्यापुढचा पाऊस पृष्ठभागावरून वाहतो किंवा कठीण थराच्या माथ्यावरून उताराकडे सरकतो. म्हणजे एकाच महिन्यात तीच जमीन चिबडते आणि तहानतेही. अशा ठिकाणी एक मिलिमीटर माती वाहून जाणे म्हणजे हेक्टरी सुमारे १३ टन मातीची हानी होय. खोल जमिनीस ती फारशी जाणवत नाही, २० सें.मी. जमिनीत मात्र तो एकूण भांडवलाचा दोनशेवा हिस्सा असतो.

कठीण थराचे प्रकार

दख्खनचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांपासून बनला. उताराच्या जमिनीखाली बहुतेक वेळा आढळतो तो याच खडकाचा कुजलेला भाग, म्हणजे मुरूम. तो पहारीने सुटतो, त्यात मूळ खडकाच्या सांध्यांच्या रेषा दिसतात आणि कित्येकदा कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे गोलाकार थर निघतात. मुरूम हा शास्त्रीय अर्थाने सांधलेला थर नव्हे. त्याच्या फटींतून पाणी जिरते व मुळेही उतरतात. त्याखालचा किंवा काही ठिकाणी थेट मातीखालीच लागणारा अभंग पाषाण ही निराळी गोष्ट आहे.

खरा सांधलेला थर चुनखडीचा असतो. पाषाणातील फेल्डस्पार खनिजांतून सुटलेले कॅल्शियम पाण्याबरोबर बायकार्बोनेटच्या रूपाने खाली जाते. पाणी मुळांनी शोषले अथवा सुकले की कॅल्शियम कार्बोनेट मागे उरते. पाऊस पुरेसा असता तर हा चुना पार धुऊन गेला असता. ७०० ते ८०० मि.मी. पावसाच्या, तोही चार महिन्यांत आटोपणाऱ्या प्रदेशात तो ठरावीक खोलीवर साचत जातो. प्रथम सुटे खडे बनतात. ते वाढून एकमेकांस चिकटले, तर मुळांना न भेदता येणारा सलग पत्रा तयार होतो. सुटे खडे सर्रास दिसतात, सलग थर क्वचित. तो मुख्यतः जुन्या नदीगाळात व पायथ्याच्या गोटाळ निक्षेपांत शोधावा. खडे दिसताच 'सांधलेला थर' अशी नोंद करण्याची घाई टाळली पाहिजे.

मैदानाकडे उतरताना आणखी एक प्रकार भेटतो. चुना साचल्याने मातीच्या द्रावणातील कॅल्शियम कमी होते आणि सोडियमचे प्रमाण तुलनेने वाढते. परिणामी चिकणमातीचे कण विस्कटून छिद्रे बुजतात व खालचा थर वाळल्यावर दगडासारखा होतो. पूर्णा खोऱ्यातील चोपण जमिनींचे मूळ या क्रियेत आहे. नांगराच्या तळाशी बनणारा दाबथर माळावर अपेक्षित नसला, तरी एकेकाळी वहितीत येऊन पुन्हा पडीक राहिलेल्या तुकड्यांत तो सापडू शकतो.

क्षेत्रावरील ओळख

ही ओळख पटविण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. कडक थराचे वाळलेले ढेकूळ तासभर पाण्यात बुडवून ठेवावे. ते विरघळून पडले तर थर सांधलेला नाही, केवळ दाबला गेलेला किंवा चोपण आहे. पाणी बराच वेळ गढूळच राहिले तर चोपणाची शंका बळावते. ढेकूळ अभंग राहिले तरच सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाकडे वळावे. आम्लात भिजवल्यावर तुकडा सुटून पडला तर सांधणारा पदार्थ चुना होय. तो न सुटल्यास पाषाण, टणक मुरूम वा सिलिकाने सांधलेला थर यांचा विचार करावा लागतो. हा क्रम उलटा केल्यास फसगत होते. येथील पुष्कळ मातीत चुना विखुरलेला असल्याने साधा दाबथरही आम्लात फसफसतो. पाषाणाच्या पोकळ्यांत कॅल्साइट भरलेले असेल तर तोही फसफसतो; पण तो पोकळी भरतो, खडक सांधत नाही.

उपायांतील भेद

मुरमावर खड्डा थोडा खोल नेला तरी सीताफळासारखी झाडे तग धरतात व सलग समतल चरांतील पाणी खाली जिरते. अभंग पाषाणावर तेच चर पाण्याने भरून राहतात, आणि ते खोदताना आधीच तुटपुंजी असलेली माती उपसली जाते. चुन्याचा पत्रा पातळ असून त्याखाली मोकळा थर असेल तर खड्ड्यापुरता फोडणे लाभदायक ठरते. तथापि चुन्यामुळे लोहाची कमतरता होऊन पाने पिवळी पडणाऱ्या झाडांची निवड तेथे करू नये. चोपण थर फोडून वर आणणे मात्र घातक होय. तेथे निचरा आणि जिप्सम हाच मार्ग आहे.

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ साली सुरू झाल्यापासून उथळ जमिनीवर गाळ टाकण्याचा पर्याय चर्चेत आला. उपाय योग्य आहे, परंतु त्याचे प्रमाण ध्यानी घ्यावे. एक हेक्टरवर १० सें.मी. थर देण्यास १००० घनमीटर गाळ लागतो. तीन घनमीटरच्या ट्रॉलीने त्याच्या सव्वातीनशेहून अधिक खेपा होतात. खाजगी शेतास हे परवडेलही, गावाच्या चराईस नाही.

चराईसाठी गवत हाच आधार राहतो. दाबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ साली भारतातील गवताळ आच्छादनाचे जे वर्गीकरण मांडले, त्यात हा प्रदेश सेहिमा-डायकँथियम गटात येतो. पवन्या खडकाळ, मुरमाड उतारावर आणि मारवेल सपाट, जास्त मातीच्या जागी वाढतो. अतिचराईत पवन्या मागे हटून कुसळी पुढे येते, नंतर तरवड. म्हणून उथळ माळावर रोपांची संख्या हे कामाचे माप धरण्यापेक्षा पवन्या किती टिकला हे पाहणे अधिक उचित.

उपलब्ध नकाशांची मर्यादा

राज्याचे मृदा नकाशे १ : २,५०,००० या प्रमाणावर तयार झालेले आहेत. त्यांत एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. एखाद्या गावाची ई-क्लास जमीन त्यावर ठिपक्याएवढीही उमटत नाही, मग तिच्यातील थरांचे भेद कोठून दिसणार? मात्र विहिरींच्या उघड्या भिंती, नाल्यांचे कापलेले काठ, रस्त्यांचे खोदकाम आणि मुरमाच्या खाणी यांत जमिनीचे उभे छेद आयतेच उपलब्ध असतात. महाविद्यालयांच्या भूगोल व रसायनशास्त्र विभागांना टेप, पाण्याचे भांडे आणि आम्लाची एक बाटली एवढ्या सामग्रीवर प्रत्येक छेदातील मातीची खोली, कठीण थराचा प्रकार व त्याची जाडी नोंदवता येईल. पावसाळा संपल्यानंतर, नाल्यांचे काठ ताजे कापलेले असताना, हे काम करणे सोयीचे असते.