चातुर्मासापूर्वीची जयणा

शहाद्याहून तोरणमाळकडे जाताना सातपुड्याच्या पायथ्याशी म्हसावद लागते. डोंगरात पाऊस कोसळला की पायथ्याच्या गावांत ऊन असतानाही ओढे-नाले फुगू शकतात. नेमका हाच काळ चातुर्मासाचा. स्थानकात साधू-साध्वींचा मुक्काम असतो, घरोघरी तपश्चर्या चालू असते आणि पेढीवर हंगामाची गर्दी असते. म्हणून संकटाची तयारी आषाढी चौदसपूर्वीच व्हायला हवी.

संकट केवळ पाण्याचे नसते. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्याच्या याच पट्ट्यात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगड-मातीच्या जड भिंतींनी झोपलेल्या हजारो माणसांचा घात केला. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने तेथील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले. इतरांच्या संकटात धावून जाण्याची समाजाची ही परंपरा आदरणीय आहे. मात्र स्वतःच्या उंबरठ्याआड तीच दक्षता क्वचित दिसते.

खाली दुकान आणि वर घर, अशी व्यापारी कुटुंबाची रचना असते. तेथे पहिली चूक मालाच्या मांडणीत होते. कीटकनाशके आणि खते जमिनीलगत ठेवल्यास पुराच्या पाण्यात विष मिसळते. ती उंच फळीवर, धान्य-किराण्यापासून दूर असावीत. उधारीची वही भिजली तर व्यापाऱ्याच्या येण्याबरोबरच शेतकऱ्याने केलेल्या भरण्याचाही पुरावा जातो. वहीच्या पानांची छायाचित्रे दर आठवड्याला काढून दुसऱ्या गावातील नातलगाकडे पाठवावीत. विमापत्रात आगीबरोबर पूर व भूकंप यांचा उल्लेख आहे का, हेही आजच वाचावे.

स्वयंपाकघराची तयारी आपल्या आचाराला धरूनच करावी लागते. उकळलेल्या पाण्याची मर्यादा पावसाळ्यात तीन प्रहर मानली जाते. त्यामुळे उकळून साठवलेले पाणी नियमधारी श्रावकाच्या तीन दिवस कामी येत नाही. झाकलेल्या भांड्यांत गाळलेले पाणी, एक छोटी शेगडी आणि पुरेसे इंधन वरच्या मजल्यावर हवे. पावसाळ्यात खाखऱ्याचा काळही पंधरा दिवसांचाच धरतात. म्हणून खाखरे, गूळ आणि भाजलेले चणे यांचा डबा दर पंधरवड्याला बदलावा. चौविहार पाळणाऱ्यांसाठी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची सोय आधी व्हावी.

अठ्ठाई किंवा मासखमण करणाऱ्याला अशक्तपणामुळे भर पाण्यातून चालता येत नाही. वृद्धांचेही तसेच. कोणाला कोण उचलेल, औषधांची पिशवी कोण घेईल, गॅसचा रेग्युलेटर आणि विजेचा मुख्य खटका कोण बंद करील, ही नावे ठरलेली असावीत. ही माहिती एकट्या कर्त्या पुरुषाला असून भागत नाही; तो खरेदीसाठी सुरतेला गेला असताना सासू, सून आणि मुलांनाच निर्णय घ्यावा लागतो.

स्थानकातील साधू-साध्वींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ते वाहन वापरत नाहीत आणि चातुर्मासात विहारही करीत नाहीत. पाणी दारात आल्यावर विचारणा करण्यापेक्षा, आपत्तीत कोणत्या उंच जागी पायी जाता येईल आणि अपवादाबाबत गुरूंची आज्ञा काय, हे संघाने प्रवेशाच्या वेळीच विचारून ठेवावे.

तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक तिजोरीशेजारी मोठ्या अक्षरांत लिहावेत. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप घरातील प्रत्येकाच्या मोबाईलवर असावे.

दिवाळीला वहीपूजन होते, संवत्सरीला मनाचा हिशेब होतो. चातुर्मासापूर्वीची एक संध्याकाळ घराच्या सुरक्षिततेच्या हिशेबासाठी द्यावी. पाऊल टाकण्यापूर्वी जमीन पाहणे ही जयणा; पाणी येण्यापूर्वी वाट पाहून ठेवणे हीदेखील जयणाच.